इन्कमटॅक्सची खुर्ची

इन्कमटॅक्स चुकवता यावा म्हणून धडपडणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. तो आपल्याला भरायला मिळावा म्हणून जिवाचं रान केलेला माणूस मात्र आमच्या धाड गावाने एकच पाहिला. तो म्हणजे किसनराव.

तसा माणूस वेडा नव्हता. चांगली काळीभोर जमीन, तीत कापूस आणि ज्वारी, डोक्यावर शालिग्रामभाऊंसारख्या थोरल्या भावाचं छत्र, घरात सोजराबाईंसारखी बायको. (सोजराबाईंसारखी बायको घरात असल्यावर वेडं व्हायला सवडही मिळत नाही.) एवढं सगळं असून किसनरावांची झोप उडाली, ती एका खुर्चीपायी.

ते लढाईचे दिवस होते. वऱ्हाडचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि हुकूम नागपूरचा, अशी तेव्हाची तिरपागडी व्यवस्था. धाडची शीव ओलांडली की मोगलाई, म्हणजे खुद्द निजामाचा अंमल, लागायची. दरसाल पिकं घरात आली की बाजाराच्या मैदानात शेतकी प्रदर्शन भरायचं आणि त्याला बुलढाण्याहून मोठे साहेब यायचे. साहेब येणार म्हणजे खुर्च्या आल्या. शाळेतल्या आणि चावडीतल्या सगळ्या गोळा केल्या तरी त्यांची जेमतेम एक ओळ व्हायची. अंमलदार बसले की त्या ओळीत एकच खुर्ची उरे, आणि त्या एका खुर्चीवरून गावात एके साली अशी तोंडातोंडी झाली की तहशीलदारांनी वैतागून नियमच करून टाकला. गावातला जो इन्कमटॅक्स भरतो त्याला खुर्ची, बाकी सगळे जाजमावर.

गावात इन्कमटॅक्स भरणारी असामी एकच, सरकीचे आणि पेंडीचे व्यापारी अर्जुनराव. तेही काही हौसेने भरत नसत. त्यांच्या चोपड्या एकदा पकडल्या गेल्या होत्या, तेव्हापासून ते दरसाल रडत रडत भरत. पण खुर्चीवर बसताना त्यांच्या चेहऱ्यावर रडण्याची खूणही नसे. ते पायावर पाय टाकून बसत, आणि वरचा पाय हलवण्याची त्यांना सवय होती.

मागच्या साली किसनरावांना जाजमावर जागा मिळाली ती नेमकी त्या पायासमोर. साहेबांचं भाषण कपाशीवरच्या किडीबद्दल होतं आणि ते लांबत चाललं होतं. अर्जुनरावांचा पंपशू किसनरावांच्या फेट्याजवळ येई, थांबे आणि परत जाई. एकदा तर तो फेट्याला चक्क टेकला. हे तेच अर्जुनराव, जे शाळेत पाढे न आल्यामुळे कायम बाकावर उभे असत, आणि त्यांच्या पायाशी तेव्हाही किसनरावच बसलेले असत, पण तेव्हा हुशारीमुळे! किसनरावांना वाटलं, धरणी दुभंगून हा पंपशू तरी पोटात घेईल तर बरं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी फेटा खुंटीला टांगला आणि सोजराबाईंना सांगितलं, "मी इन्कमटॅक्स भरतो."

"कोनाचा?"

"कोनाचा म्हंजे? माह्या सोताचा."

"काऊन? काय केलं तुमी?" सोजराबाईंच्या हातातली परात खाली आली. त्यांच्या समजुतीप्रमाणे सरकारला पैसा दोनच वेळी द्यायचा असतो, सारा भरताना आणि दंड झाल्यावर. सारा तर भरून झाला होता.

"काई केलं नाई वं. इज्जतीसाठी भराचा हाये."

"इज्जत हाये ना आपल्याले. पैशे देऊन काऊन इकत घेता?"

बायकांशी असल्या विषयावर बोलण्यात अर्थ नाही, असं ठरवून किसनराव गप्प बसले. (बोलण्यात अर्थ नसतो तेव्हा ते नेहमी गप्पच बसत, त्यामुळे घरात त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता.)

नवं साल लागल्यावर ते बुलढाण्याला गेले. पेट्रोल लढाईवर गेल्यामुळे मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालत, आणि चढ आला की उतारू उतरून ढकलत. किसनराव काळ्या हातांनी कचेरीच्या आवारात पोचले. तिथे निंबाखाली शेषराव अर्जनवीस आपली पेटी मांडून बसलेले असत. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांचं दुःख त्यांच्याच अक्षरात सरकारला माहीत झालेलं होतं.

"बसा," शेषराव म्हणाले. "कायचा अर्ज?"

"इन्कमटॅक्सचा."

"माफीचा ना? बैल मेला लिहू, का विहीर खचली लिहू?"

"माफीचा नाई. मले भराचा हाये."

शेषरावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि किसनरावांना नीट पाहून घेतलं. "नोटीस आली हाये का?"

"नाई."

"कोनी चुगली केली?"

"नाई हो. मी आपल्या खुशीनं भरून राह्यलो."

एवढ्या वर्षांत असा पक्षकार निंबाखाली आला नव्हता. शेषरावांनी पान तोंडातून टाकून दिलं आणि कामाला लागले. "उत्पन्न कायचं?"

"शेतीचं."

"शेतीच्या उत्पन्नावर इन्कमटॅक्स नसते."

"काऊन नसते?"

"कायद्यात नाई."

"पन मी देतो म्हनतो ना!"

"खुशीनं द्याचं असन तं देवळात द्या, भाऊ. सरकार खुशीनं घेत नाई. दुसरं काई हाये का? दुकान, सावकारी, घरभाडं?"

किसनराव डोकं खाजवत बसले. तेवढ्यात त्यांना तूप आठवलं.

हे तूप सोजराबाईंचं. त्यांचं माहेर शिवेपलीकडे मोगलाईत. तिथल्या चार गावांतलं लोणी त्यांच्या भावजया गोळा करत, कढवत, आणि तुपाचे डबे कडब्याखाली घालून गाडीने धाडला धाडत. कडब्याखाली अशासाठी, की निजामसरकारचं करोडगिरीचं नाकं वाटेत होतं आणि तिथे जकात घेत. सोजराबाईंचं म्हणणं असं, की लेकीला माहेरून येणाऱ्या तुपावर जकात कसली? मग ते तूप त्या चिखलीच्या व्यापाऱ्याला घालत आणि आलेले पैसे किसनरावांना सापडणार नाहीत अशा जागी ठेवत. या धंद्यात किसनरावांचा वाटा गरम पोळीवर पडेल तेवढाच होता.

"लिहा," किसनराव म्हणाले, "तुपाचा व्यापारी."

"सालाचे किती सुटते?"

"टॅक्स कितीवर बसते?"

"दीड हजाराच्या वर."

"मंग दोन हजार लिहा."

"अहो, आधी उत्पन्न असते, मंग त्याच्यावर टॅक्स. तुमी टॅक्स पाहून उत्पन्न ठरवून राह्यले!"

"लिहा ना बापा. तुमचं काय जाते?"

शेषरावांचं काही जात नव्हतं. त्यांनी लिहिलं. "आता हे रहिवासाचं. नव्या कायद्यात पुसते. सालभर इथंच राह्यता का बाहेर?"

"धाडलेच. आंब्याच्या दिवसात तेवढा सासुरवाडीले जातो, मोगलाईत."

"किती दिवस राह्यता?"

"सासू कटाळेपर्यंत."

शेषरावांनी थोडा विचार करून 'रहिवासी' असं लिहिलं. "अन् हे शेवटचं. एकटे का एकत्र कुटुंब?"

"एकत्र. मी अन् शालिग्रामभाऊ."

"मंग कागद शालिग्रामभाऊच्या नावानं जाईन. कर्ते ते."

किसनरावांनी शेषरावांचा टाकच धरला. म्हणजे पैसे आपण भरायचे, कोळशाची मोटार आपण ढकलायची, आणि खुर्चीवर बसणार शालिग्रामभाऊ! आणि शालिग्रामभाऊ असे, की ते टेकले तिथे डुलकी घेत. त्यांना खुर्ची काय, गाडीचं जू पुरायचं.

"एकटा लिहा," किसनराव म्हणाले. "ठार एकटा."

कागद पोस्टात पडला. ही गोष्ट पोटात ठेवावी असं किसनरावांनी पक्कं ठरवलं होतं, आणि ती त्यांनी धाडच्या पुढच्या बाजारापर्यंत ठेवलीसुद्धा. बाजारात न्हाव्याच्या पाटावर बसल्यावर मात्र कुणाचं काय पोटात राहिलंय? "म्या इन्कमटॅक्स भरला," ते गालाला साबण असताना म्हणाले, "अन् भावाच्या नावानं नाई बरं, माह्या एकट्याच्या." ती गोष्ट मिरच्यांच्या ढिगावरून बांगड्यांच्या दुकानात आणि तिथून घरी गेली. शालिग्रामभाऊंच्या कानावर पडेपर्यंत तिच्यातला इन्कमटॅक्स वाटेत गळून पडला होता. उरलं होतं ते एवढंच, की किसन सरकारात कागद करून वायला निघाला, म्हणजे वेगळा झाला.

किसनराव घरी आले तेव्हा शालिग्रामभाऊ जागे होते. तेवढ्यावरूनच त्यांनी ओळखायला हवं होतं. आत तानुबाई, म्हणजे या दोघांची म्हातारी आत्या, भिंतीशी बसून सूर लावत होती. "मायबापामागं एका ताटात जेवू घातलं रे यायले! आता चुली दोन झाल्या रे बापा!"

"काय झालं, भाऊ?" किसनरावांनी विचारलं.

"काई नाई, बाबू." शालिग्रामभाऊंचा आवाज रागाचा नव्हता, आणि तोच किसनरावांना जास्त लागला. "मोऱ्या बैल तुह्या दावनीले बांधला. चांद्या माह्याकडे ठेवला. तुले घर पायजे का शेत, तेवढं सांगून दे."

"मले घरबी नोको अन् शेतबी नोको, भाऊ!"

"मंग काय पायजे?"

"मले खुर्ची पायजे."

शालिग्रामभाऊंनी घरभर नजर फिरवली. "घरात खुर्ची तं नाईच रे."

"भाऊ, वाटनी नाई झाली! मी नुसता कागदावर एकटा हाये."

"कागदावरच तं होते बाबू वाटनी," शालिग्रामभाऊ म्हणाले आणि तोंडावर उपरणं घेऊन भिंतीकडे वळले. याला उत्तर द्यायला शेषरावच हवे होते, आणि ते बुलढाण्याला.

त्या दिवसापासून घरात विचित्र कारभार सुरू झाला. दोन्ही बैल वेगवेगळ्या दावणींना उभे राहून एकमेकांकडे पाहून हंबरत आणि कडबा तोंडाला लावत नसत. बैल दोघांकडे एकेक, त्यामुळे वखर कुणालाच हाकता येईना. सोजराबाई आणि थोरली जाऊ कोकिळा यांचं मात्र चांगलं चाललं होतं. त्या दोघी मिळून किसनरावांशी बोलत नव्हत्या.

इकडे किसनरावांचा कागद इन्कमटॅक्सच्या ऑफिसात पोचला आणि तिथल्या साहेबाने तो उलटसुलट करून पाहिला. साहेब मुरलेला होता. त्याचा अनुभव असा, की ज्याला दहा हजार मिळतात तो एक हजार सांगतो, आणि तेही शपथा घेऊन. मग नोटीस नाही, चौकशी नाही, आणि हा खेड्यातला माणूस आपण होऊन दोन हजार सांगतो! याला किती मिळत असतील? साहेबाने त्रैराशिक मांडलं, आकडा पाहून दचकला आणि त्याच दिवशी आपला इन्स्पेक्टर धाडला रवाना केला.

इन्स्पेक्टर मोटारीतून उतरला तेव्हा त्याच्या काखेत चामड्याची पिशवी होती. ती पिशवी गावाने पाहिली मात्र, आणि गाव गरीब झालं.

ही धाडची जुनी रीत. ती कुणी कुणाला शिकवत नाही. पिशवीवाला माणूस वेशीतून आत आला की दागिने ज्वारीच्या कणगीत जातात, म्हशी नदीवर जातात, आणि सकाळी पुरण शिजलेल्या घरात दुपारी अंबाडीची भाजी दिसते, तीही अळणी. कुणाचं किती, हे विचारणाऱ्याला सगळे एकच सांगतात: काही नाही. त्यात वैरी-मित्र पाहायचं नसतं. आज मी तुला झाकलं तर उद्या तू मला झाकशील, असा हा व्यवहार आहे.

इन्स्पेक्टर पहिल्यांदा अर्जुनरावांच्या दुकानात गेला. माहीतगार माणूस म्हणून ऑफिसात त्यांचंच नाव होतं. "किसनराव म्हणून तुपाचे मोठे व्यापारी इथे राहतात ना?" त्याने विचारलं.

अर्जुनरावांच्या मनात काय काय आलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. या किसनने त्यांचे पाढे न आल्याचं आजवर गावभर सांगितलं होतं. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण रीत ती रीत. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं.

"किसन? व्यापारी?" ते म्हणाले. "साहेब, कोनं सांगितलं तुमाले? माह्या दुकानातून उधार पेंड नेते बिचारा."

"बैलांसाठी?"

"बैलासाठी कायले? घरासाठी."

इन्स्पेक्टरने टिपून घेतलं. तो किसनरावांच्या घराकडे निघाला, तोवर विहिरीवरच्या बायकांनी बातमी पुढे पोचवली होती. सरकारी माणूस तुपाची विचारपूस करतो आहे! सोजराबाईंना वाटलं, करोडगिरीची भानगड उघडकीला आली. त्यांनी आणि कोकिळाबाईंनी मिळून तुपाचे सगळे डबे गोवऱ्यांच्या उडव्यात पुरले. पाटल्या, तांब्याचा हंडा, किसनरावांचं धोतर आणि सदरा असलेली पेटी, सगळं शेजारी गेलं. स्वतः त्यांनी ठिगळाचं लुगडं नेसलं. किसनराव मागच्या दाराशी अंघोळ करत होते. बाहेर येऊन पाहतात तो अंगात घालायला एक फाटकी बंडी आणि कमरेला शेतात नेसायचा पंचा, एवढंच उरलेलं.

ते तसेच पुढे धावले. इन्स्पेक्टर दारात उभा होता.

"या, या साहेब!" किसनरावांचा चेहरा फुलला. "मीच किसनराव. तुपाचा व्यापारी."

इन्स्पेक्टरने बंडीच्या भोकातून दिसणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहिलं. "माल दाखवा."

"आता दाखवतो." किसनराव आत गेले. जिथे सकाळी डबे होते तिथे आता मांजर बसलं होतं. "सोजरा! तूप कुठी हाये?"

"कोनतं तूप?"

"आपलं!"

सोजराबाई पदर तोंडाला लावून उंबऱ्याशी आल्या. "साहेब, यायचं आयकू नका. तूप आमी दसऱ्याले पाह्यलं व्हतं."

"घरी केलं होतं?"

"दुसऱ्याच्या घरी पाह्यलं."

इन्स्पेक्टरने घसा साफ केला. माणूस दयाळू होता, पण काम ते काम. "किसनराव, मला सांगा, एक शेर लोणी कढवलं तर तूप किती निघतं?"

किसनरावांनी आयुष्यात तूप वाटीतच पाहिलेलं. दूध तापलं की वर येतं, एवढं मात्र त्यांनी पाहिलं होतं. "दीड शेर," ते म्हणाले.

"कढवल्यावर वाढतं?"

"हाव. फुगते ना."

सोजराबाईंच्या तोंडून 'पाऊण!' असं निघतच होतं. चिखलीच्या व्यापाऱ्याने हे ऐकलं असतं तर त्यांच्या मालाची अब्रू काय राहिली असती! त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. इन्स्पेक्टरला वाटलं, बिचारी रडते आहे.

एवढ्यात शालिग्रामभाऊ शेतातून आले. "हे घर कुणाचं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"माह्यं," शालिग्रामभाऊ म्हणाले. "शेतबी माह्यं. हा वायला निंघाला. त्याच्या वाट्याले एक बैल हाये, तोबी काई खात नाई."

"पण यांना तुपात दोन हजार रुपये मिळतात असं यांनी लिहून दिलं आहे."

आता शालिग्रामभाऊंच्या ध्यानात आलं, की आपला भाऊ सरकारच्या हाती सापडला आहे. राग कुठल्या कुठे गेला. शेवटी पाठचा भाऊ. ते इन्स्पेक्टरला बाजूला घेऊन गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मनावर घेऊ नका. लहानपनी विहिरीत पडला व्हता. तवापासून कवा कवा असं करते."

"भाऊ, काय सांगून राह्यले तुमी!" किसनराव ओरडले. "साहेब, हे सारे झूट बोलून राह्यले! मी श्रीमंत हाये! देवाशप्पत श्रीमंत हाये!"

दारात जमलेल्या बायकांनी चुकचुक केलं. तानुबाईंनी पुढे होऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. किसनराव जितके मोठ्याने ओरडत, तितका इन्स्पेक्टरचा चेहरा पडत गेला. त्याने पिशवी बंद केली आणि किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"किसनराव," तो म्हणाला, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी वर सगळं लिहितो. तुमचं काम नक्की होईल."

किसनरावांच्या जिवात जीव आला. सगळ्या गावात शहाणा माणूस हा एकच! ते त्याला मोटारीपर्यंत पोचवायला गेले आणि चढावर मोटारही ढकलू लागले.

त्या संध्याकाळी घरात आनंदीआनंद झाला. सोजराबाईंनी उडव्यातून एक डबा काढला आणि पोळ्यांवर सढळ हाताने तूप घातलं, कारण करोडगिरी टळली होती. शालिग्रामभाऊंनी दोन्ही बैल एका दावणीला बांधले आणि म्हणाले, "बाबू, आता पुन्हा एकटा होऊ नको रे." त्यांचे डोळे भरून आले होते. किसनरावांनाही गहिवरून आलं. भाऊ परत मिळाला आणि खुर्चीही मिळणार, दोन्ही एका दिवशी! गावाने त्यांना वाचवलं म्हणून गाव खूश होतं, आणि गाव तोंडावर आपटलं म्हणून किसनराव खूश होते. इतकी खुशी धाडमध्ये एकाच वेळी क्वचितच झाली असेल.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. किसनरावांनी लग्नातला कोट काढला. तो कसरीने जागोजागी खाल्ला होता, बाह्या कोपरापर्यंत येत होत्या, आणि बटणं पोटावर एकमेकांना भेटायला तयार नव्हती. पण कोट तो कोट. ते ऐटीत खुर्च्यांच्या ओळीकडे गेले. शिपायाने त्यांना कोटासकट पाहिलं आणि हात आडवा केला.

"तुमचं नाव नाई या यादीत."

"पाह्य बे नीट. इन्कमटॅक्समधी हाये."

"नाई. तुमचं नाव दुसऱ्या यादीत हाये. पुकारतीन तवा या."

दुसरी यादी! किसनराव समजले, काही खास मान असणार. ते तेवढ्यापुरते जाजमावर बसले. समोर पंपशू हलतच होता. यंदा त्यांनी त्याच्याकडे हसून पाहिलं.

मोठे साहेब आले. उत्तम कपाशीचं बक्षीस झालं, भोपळ्याचं झालं, वळूचं झालं. मग तहशीलदारांनी दुसरा कागद उलगडला आणि पुकारलं, "किसनराव, राहणार धाड!"

किसनराव उठले. मान वर, छाती पुढे. मधलं एक बटण गेलं तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते साहेबांसमोर उभे राहिले आणि तहशीलदार वाचू लागले.

"सदर इसमास घर नाही. शेत नाही. भावाने वेगळे काढले आहे. घरात खाण्यास सरकीची पेंड. बालपणी विहिरीत पडल्याने डोक्यावर परिणाम. अशा स्थितीतही या इसमाने सरकारास इन्कमटॅक्स भरण्याची इच्छा दर्शवली आहे. गरजूंच्या मदतीत यास पहिला नंबर द्यावा, अशी इन्स्पेक्टरची शिफारस आहे."

साहेबांनी स्वतःच्या हाताने किसनरावांच्या खांद्यांवर एक करडं कांबळं घातलं. "हा माणूस गरीब आहे," ते आपल्या मराठीत म्हणाले, "पण मन राजाचा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. गावाने तर जीव तोडून टाळ्या वाजवल्या, कारण एकाने जरी 'हे खोटं आहे' म्हटलं असतं तरी सगळ्यांच्या कणग्या तपासल्या गेल्या असत्या.

किसनराव थरथर कापायला लागले. ते रागाने कापत होते, पण साहेबांना काय ठाऊक? ते घाईने म्हणाले, "अशक्त आहे बिचारा! याला खुर्ची द्या!"

खुर्च्यांवर सगळे अंमलदार. बिनसरकारी माणूस एकच. तहशीलदारांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि अर्जुनराव उठले.

अशा रीतीने किसनराव खुर्चीवर बसले. साहेबांच्या अगदी बाजूला, सगळ्या गावासमोर. अर्जुनराव खाली जाजमावर, बरोबर त्यांच्या पायाशी. हे चित्र किसनरावांनी वर्षभर मनात पाहिलं होतं, फक्त त्यात कांबळं नव्हतं. तरी त्यांनी पायावर पाय टाकून पाहिला. तेव्हा अर्जुनरावांनी खालून त्यांचा घोटा प्रेमाने धरला आणि कुजबुजले, "किसन, पेंड लागली तं सांगजो बे. लाजू नको."

सोजराबाई बायकांतून हे सगळं पाहत होत्या. घरी आल्यावर त्यांनी कांबळं बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे केलं आणि म्हणाल्या, "लोकर चांगली हाये. दोन साल निंघतीन."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच दारात पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली. कटोरे, काठ्या, झोळ्या. देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळाच्या पायरीवर बसणारे ते भिकारी होते आणि पायी चालत आले होते. सोजराबाई सुपात पीठ घेऊन बाहेर आल्या, तर त्यांच्यातल्या म्होरक्याने हात जोडले.

"पीठ नोको, माय. आमी तुमच्या मालकाले भेटाले आलो," तो म्हणाला. "आमच्या बापानं पायरीवर जनम काढला, आमी काढून राह्यलो, पन आमाले कोन्या साहेबानं अजून खुर्ची नाई देल्ली. त्यायचा अर्ज कोनं लिहिला, तेवढं पुसून सांगता का?"